तीन भोकांवर गोळीचा निकाल लावू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत ठासणीच्या, म्हणजे दारू आणि गोळी पुढून नळीत ठासायच्या, रायफलीवर अख्खं पान छापलंत ते बघून आधी तर मी उडालोच, कारण आमच्या ह्या धुराच्या नादाला पेपरात जागा मिळालीच तर ती म्युझियममधल्या काचेच्या कपाटापुरती मिळते, आणि इथं चक्क कुणीतरी रेंजवर जाऊन, हात काळे करून, तीन जातीच्या गोळ्या झाडून, कागद मोजून आलं होतं. म्हटलं वा. पान दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन वाचलं आणि मग हे पत्र लिहायला बसलो. पत्र लांबलंय, कात्री लावायची तर खुशाल लावा, फक्त खाली दारूचं माप आणि अडकलेली गोळी ह्याबद्दल जे लिहिलंय तेवढं कापू नका.

ज्यांनी पान वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अर्धा इंच बोअरची (बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास), म्हणजे ५० कॅलिबरची एक रायफल. तिच्यात एकदा चिंधीत गुंडाळलेली शिशाची गोल गोळी, एकदा शिशाचीच लांबट गोळी, आणि एकदा प्लॅस्टिकच्या टोपणात बसवलेली बारीक गोळी, त्या टोपणाला सॅबो म्हणतात आणि त्यावरून गोळीलाही. प्रत्येकीचे तीन बार, दारूचं माप तिघींना एकच, अंतर ५० मीटर. सॅबोची तीन भोकं एकमेकांना चिकटलेली, गोल गोळीची मध्यम, लांबट गोळीची पार विखुरलेली. निकाल असा की सॅबो बेस्ट, आणि वर जाड अक्षरात एक वाक्य की ठासणीच्या बंदुकीला मुळात नेम कमीच, त्यातल्या त्यात हीच गोळी बरी.

आधी त्या "नेम कमीच" चं बघू. ही बदनामी आहे मस्केटची, म्हणजे गुळगुळीत नळीच्या जुन्या बंदुकीची. तिच्यात गोळी मुद्दाम सैल ठेवायचे, पटकन भरता यावी म्हणून, ती नळीत ह्या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटत जायची आणि तोंडातून निघताना शेवटची धडक जिकडे बसली असेल त्यावर तिची दिशा ठरायची. रायफल म्हणजे नळीला आतून पिळाचे आटे पाडलेले, गोळी स्वतःभोवती गरगर फिरत बाहेर पडते आणि म्हणून सरळ जाते. दोन्ही पुढूनच ठासतात म्हणून दोन्ही एक असं होत नाही हो.

जोसेफ व्हिटवर्थ हे नाव फिटर-टर्नर मंडळींना ऐकून माहीत असेल, बीएसडब्ल्यू म्हणजे ब्रिटिश स्टँडर्ड व्हिटवर्थ, स्क्रूच्या त्या आट्यांतला डब्ल्यू तो हाच. ह्या माणसानं १८५० च्या दशकात एक ठासणीची रायफल केली, बोअर ०.४५१ इंच, आतून षटकोनी, आणि पीळ दर २० इंचाला एक वेढा. त्यावेळी ब्रिटिश सैन्याकडे होती १८५३ ची एन्फिल्ड, बोअर ०.५७७ इंच, पीळ ७८ इंचाला एक वेढा. १८५७ मध्ये दोघींची समोरासमोर परीक्षा झाली. ५०० यार्डांवर एन्फिल्डच्या गोळ्या मध्यापासून सरासरी २.२४ फूट लांब पडल्या आणि व्हिटवर्थच्या ०.३७ फूट, म्हणजे एकीकडे सव्वादोन फूट आणि दुसरीकडे जेमतेम साडेचार इंच. १८६० मध्ये विम्बल्डनला नेमबाजीच्या स्पर्धेचं उद्घाटन झालं तेव्हा व्हिक्टोरिया राणीनं पहिला बार उडवला तो ह्याच रायफलीचा, ४०० यार्डांवरून, आणि गोळी मध्यापासून दीड इंचाच्या आत बसली. रायफल अर्थात आधीच नेम धरून स्टँडवर आवळून ठेवलेली होती, राणीनं नुसती दोरी ओढली, पण रायफल ठासणीचीच होती ना.

आता ह्यातली गंमत बघा. दोन्ही गोळ्यांचं वजन साधारण सारखंच, ५३० ग्रेनच्या आसपास, म्हणजे ३४ ग्रॅम. त्यामुळं "जड गोळी जास्त अचूक" हे जे तुमच्या पानावर चौकटीत छापलंय ते तिथंच बाद होतं. वजन तेच ठेवून गोळी बारीक आणि लांब केली आणि तिला पेलेल असा पीळ दिला, फरक पडला तो ह्यानं. (सैन्यानं व्हिटवर्थ घेतली नाही ती गोष्ट वेगळी, महाग होती आणि दारूच्या काजळीनं लवकर चोंदायची. अचूकपणा हा एकच गुण बघून बंदूक निवडत नाहीत.)

तर मुद्दा पिळाचा. तुमच्या अख्ख्या पानात पीळ हा शब्द एकदाही आलेला नाही आणि माझ्या मते सगळी गडबड तिथूनच सुरू होते. फोटोत दिसणारी रायफल नव्या धाटणीची आहे, केप, म्हणजे बार पेटवणारी छोटी टोपी, सरळ मागून बसते तशी, आणि ह्या रायफलींना साधारण २८ इंचाला एक वेढा इतका कडक पीळ असतो, कारण त्या लांब गोळीसाठी आणि सॅबोसाठीच बनवतात. जुन्या धाटणीच्या, गोल गोळीसाठी केलेल्या रायफलींना ६० किंवा ६६ इंचाला एक वेढा असा संथ पीळ असतो. आणि मधली ४८ इंचवाली, जी दोन्ही गोळ्या चालवते असं म्हणतात आणि माझ्याकडे आहे, ती तडजोड आहे, आणि तडजोडीचं जे होतं ते तिचंही होतं.

ह्याला हिशोब आहे. ग्रीनहिल नावाच्या ब्रिटिश गणितज्ञानं १८७९ मध्ये एक सोपं सूत्र दिलं, शिशाच्या गोळीला आजही ढोबळमानानं चालतं. गोळीच्या व्यासाचा वर्ग करा, त्याला १५० नं गुणा, गोळीच्या लांबीनं भागा, सगळं इंचात. उत्तर येतं ते किती इंचाला एक वेढा हवा त्याचं. अर्धा इंचाची गोल गोळी घ्या, तिची लांबी आणि व्यास एकच, म्हणजे ७५ इंच. तेवढ्या आळशी पिळातही ती सरळ जाईल. त्याच व्यासाची १ इंच लांब गोळी घ्या, उत्तर साडेसदतीस इंच. आता माझ्या ४८ च्या नळीचं उलटं गणित केलं तर जास्तीत जास्त पाऊण इंचाच्या किंचित वर, ०.७८ इंच लांबीची गोळी ती नीट फिरवू शकते. मी तिच्यात एक इंची गोळ्या घालून वर्षभर बोंबलत होतो की गोळ्या ओतायचा साचा खराब आहे. कागदावर भोकं गोल न पडता लांबट पडायची, किल्लीच्या भोकासारखी, म्हणजे गोळी आडवी होऊन कागदाला लागत होती, आणि मी वजनं करतोय, ग्रीस बदलतोय, साचा घासतोय. गोळीचा, साचाचा, ग्रीसचा कुणाचाच दोष नव्हता. (सॅबोचा हिशोब करताना व्यास आतल्या गोळीचा धरायचा, टोपणाचा नाही, हे पण भल्याभल्यांचं चुकतं.)

उलट बाजूनंही गणित बिघडतं. कडक पिळात चिंधीतली गोल गोळी जोरात मारली तर ती आट्यांच्या मागं न फिरता सरळ घसरत जाते, आटे सोडते. म्हणून २८ च्या नळीत गोल गोळीला दारू बरीच कमी लागते. तुमच्या लेखकानं तिघींना एकच माप दिलं आणि त्याला "समान संधी" असं म्हटलंय. मला हसू आलं. तीन माणसांना एकाच नंबरचा बूट घालून पळवायचं आणि ज्याच्या पायात बसला तो जिंकला म्हणायचं, तशी ही समान संधी. खरी समान संधी म्हणजे रायफलच्या पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेच्या आत, खालच्या टोकापासून, पाच-पाच ग्रेननं वर जात प्रत्येक गोळीला तिचं आवडतं माप शोधू द्यायचं आणि मग त्या त्या मापावर तिघींची तुलना करायची. वेळ जातो, मान्य आहे. एका शनिवारात होत नाही.

आता तीन बारांबद्दल. इथं मी लेखकाला फार बोलू शकत नाही कारण हेच मी केलेलं आहे आणि मिरवलेलंही आहे. नवीन होतो तेव्हा एके दिवशी नवी गोळी आणि नवं ग्रीस दोन्ही एकदम आणलं, तीन बार मारले, तिन्ही भोकं अंगठ्याखाली झाकली जातील अशी. मी तो कागद तारीख घालून जपून ठेवला आणि येईल त्याला दाखवत सुटलो. आमच्या रेंजवर एक जुने नेमबाज आहेत, सगळे त्यांना अण्णा म्हणतात, त्यांनाही नेऊन दाखवला.

"किती बार?" अण्णा.

"तीन."

"मग उरलेले सात मार आणि मग ये."

मला राग आला खरा. पण पुढच्या खेपेला तीच गोळी, तेच ग्रीस, तेच माप घेऊन दहा मारले आणि ग्रुप, म्हणजे सर्वात लांबच्या दोन भोकांमधलं अंतर, झाला चार इंचाचा. रायफल काही आठवडाभरात बिघडली नव्हती. पहिल्या दिवशीचे तीन बार हे त्या चार इंचातलेच तीन होते, नशिबानं जवळजवळ पडलेले, एवढंच.

हे नुसतं अण्णांचं म्हणणं नाही, ह्यालाही आकडे आहेत. एकाच रायफलीचे, एकाच गोळीचे तीन-तीन बारांचे ग्रुप सरासरी १ इंचाचे येत असतील तर पाच-पाचांचे सरासरी सव्वा इंचाच्या थोडे वर येतात आणि दहा-दहाचे दीड इंचाच्याही वर, कशातही काहीही न बदलता. आणि तीनचे ग्रुप आपापसातच इतके हलतात की एकाच गोळीचे पाच ग्रुप मारले तर सर्वात मोठा सर्वात लहानाच्या दुप्पट सहज निघतो. म्हणजे लेखकानं तीन कागदांवर तीन वेगळ्या गोळ्यांऐवजी तिन्ही वेळा एकच गोळी मारली असती आणि आपल्याला सांगितलं नसतं, तरी एक कागद बेस्ट, एक मध्यम आणि एक वाईट असाच निकाल आला असता. आणि मग आठ जातीच्या गोळ्या आणून प्रत्येकीचे तीन मारून जी जिंकली ती घेणाऱ्यांचं काय बोलायचं, आठ जणांत कुणाचं तरी नशीब चांगलं असणारच की.

वर व्हिटवर्थच्या परीक्षेत मी "मध्यापासून सरासरी" असं लिहिलंय ते बघा. त्या लोकांनी दीडशे वर्षांपूर्वीच प्रत्येक भोकाचं मध्यापासूनचं अंतर मोजून सरासरी काढली, सगळ्या गोळ्या धरून. आपण अजून सर्वात लांबची दोन भोकं पट्टीनं मोजतो, म्हणजे दहा मारल्या तरी आठ गोळ्यांची माहिती कचऱ्यात. सरासरी काढायला वेळ लागतो पण कमी बारांत जास्त कळतं.

आता चिंधी. गोल गोळीची परीक्षा आणि चिंधीची जाडी लिहिलेली नाही, ल्युब, म्हणजे लावायचं वंगण, काय होतं ते नाही, हे म्हणजे सायकलची टेस्ट आणि हवा भरली होती का ते माहीत नाही. गोल गोळी आट्यांना टेकतच नाही, मध्ये कापड असतं, पीळ गोळीपर्यंत पोचतो तो कापडातून. तर त्या चार इंचाच्या प्रकरणानंतर मी लांबट गोळीचा नाद सोडून गोल गोळीवर आलो, तिचाही ग्रुप चार इंचच, आणि पुन्हा गोळीलाच दोष देत साचा बदलायच्या गोष्टी करायला लागलो, तेव्हा अण्णा काही न बोलता उठले आणि बार बंद असताना नळीच्या पुढं दहा-पंधरा पावलांवर जाऊन माझ्या उडालेल्या चिंध्या गोळा करून आणल्या. मी तोपर्यंत त्या कधी उचलूनही बघितल्या नव्हत्या. चांगली चिंधी कशी दिसते, तर मधोमध काळपट गोल, त्याभोवती गोळीचा ठसा, कडा उसवलेल्या, पण विण शाबूत, जवळजवळ परत वापरावी अशी. माझ्या पाचपैकी चार चिंध्यांना मधे भोक होतं, कडा तपकिरी जळलेल्या, आणि पाचवीला गोल फिरत बारीक चिरा, जिथं जिथं आट्यांची धार लागली तिथं तिथं. अण्णांनी एक चिंधी डोळ्यासमोर धरली आणि भोकातून माझ्याकडे बघत म्हणाले, "ह्यातून मला तू पूर्ण दिसतोस."

चिंधी पातळ होती, दहा थाऊची, म्हणजे ०.०१० इंच. गरम वायू गोळीच्या कडेनं पुढं निसटत होता, कापड जाळत होता, आणि गोळी कधी फिरत होती कधी नुसती घसरत होती. ०.०१८ ची जाड विणीची सुती चिंधी घेतली, घट्ट बसते, ठासायला जोर लागतो. गोळी तीच ०.४९० इंची, दारू तीच, माणूस तोच. दहा बारांचा ग्रुप दोन इंचाच्या आत आला. मी साचा बदलला असता, आणि त्याबरोबर चिंधीही बदलली असती कारण नवीन साचाबरोबर नवीन चिंधी आणायचीच होती, तर आज शपथेवर सांगत फिरलो असतो की अमुक साचाची गोळी भारी. एका वेळी एकच गोष्ट बदला म्हणतात ते ह्यासाठी. तुमच्या लेखकानं गोळी बदलली, चिंधी काढली, आणि निकाल सगळा गोळीच्या नावावर.

आणि काजळी. काळी दारू जळते तेव्हा तिचा निम्म्याहून जास्त भाग वायू न होता घन राहतो, थोडा धुरात जातो, बाकीचा नळीत बसतो. स्वच्छ नळीचा पहिला बार एकीकडे, पाचवा दुसरीकडे. लेखात लिहिलंय की मध्ये नळी पुसली नाही, "प्रत्यक्ष वापरात कोण पुसतं" म्हणून. ठीक आहे, पण मग आधी सॅबो मारली, मग गोल, सगळ्यात शेवटी लांबट, आणि लांबट सगळ्यात वाईट आली, तर त्यात गोळी किती आणि आधीच्या सहा बारांची घाण किती हे कोण सांगणार? मी प्रत्येक बारानंतर एक ओली चिंधी, एक कोरडी चिंधी, दोन्ही एकदाच खाली आणि एकदाच वर, असं करतो, कंटाळवाणं आहे. आणि गोळ्यांचा क्रम फिरवतो: गोल, लांबट, सॅबो, पुन्हा गोल, लांबट, सॅबो, तीन वेगळ्या कागदांवर. म्हणजे वारा सुटला, ऊन कललं, नळी तापली, माझा खांदा दमला, तर ते तिघींच्या वाट्याला सारखं येतं. सॅबोला तर नळी तापलेली अजिबात चालत नाही, प्लॅस्टिक मऊ पडतं.

ह्यावरून आठवलं म्हणून सांगतो, १८५७ आणि काडतुसांची चरबी म्हटलं की आपल्याला इतिहासाचं पुस्तक आठवतं, ती एन्फिल्डचीच काडतुसं, पण चरबी लावायचीच कशाला हे शाळेत कुणी सांगत नाही. ती ह्या काजळीसाठी. चरबीनं काजळी मऊ राहते आणि पुढची गोळी खाली जाते. तरीही ०.५६८ इंची गोळी चोंदलेल्या नळीत जाईना म्हणून पुढं ती ०.५५० ची केली. इंचाच्या अठरा हजारांश भागासाठी अख्ख्या फौजेची गोळी बदलावी लागली, आणि आपण गोळीचा व्यास न लिहिता टेस्ट छापतो.

लांबट गोळीवर आणखी एक अन्याय झालाय. ती पोकळ बुडाची होती का भरीव, शुद्ध शिशाची होती का मिश्रणाची, काहीच लिहिलेलं नाही. पोकळ बुडाच्या गोळीची कल्पना गाजवली ती मिनिए ह्या फ्रेंच अधिकाऱ्यानं, १८४९ च्या सुमारास. गोळी नळीपेक्षा बारीक, आरामात खाली सरकते, बार उडाला की बुडाचा घेर वायूच्या दाबानं फुलतो आणि आट्यांत रुततो. पण तो घेर फुलायला शिसं मऊ पाहिजे, नखानं ओरखडा उमटेल इतकं. कुठलं तरी भंगारातलं कडक शिसं ओतलं की घेर फुलत नाही आणि गोळी बोळात सोडलेल्या बैलासारखी वाट फुटेल तिकडं जाते. शिवाय ओतीव गोळ्यांच्या पोटात हवेचा बुडबुडा राहतो, बाहेरून काही दिसत नाही, वजनात कळतं. माझी ०.४९० ची गोल गोळी शुद्ध शिशाची १७७ ग्रेनच्या आसपास भरते, त्याहून एका ग्रेनपेक्षा जास्त हलकी भरली की परत वितळवायला. बुडबुडा एका बाजूला असला की फिरणारी गोळी गरगरत डोलते. आणि नाकापेक्षा बूड जपायचं. नाक ठासताना थोडं चेपलं तर विशेष काही होत नाही, पण बुडाची कड एका बाजूला खाल्लेली असली तर नळीतून निघताना वायू त्या बाजूनं आधी सुटतो आणि गोळीला ढकलतो.

गोळी सरळ बसणं ही तर वेगळीच विद्या आहे. तिच्यासाठी १८४० मध्ये आल्वन क्लार्क ह्या अमेरिकन माणसानं नळीच्या तोंडावर बसवायच्या सुट्या तोंडाचं पेटंट घेतलं, ते लावायचं, गोळी त्यातून सरळ ढकलायची, मग ते काढून बार उडवायचा. हाच क्लार्क पुढं दुर्बिणी करण्यात जगप्रसिद्ध झाला आणि १८६२ मध्ये त्यांचं नवीन भिंग तपासताना त्याच्या मुलाला व्याधाचा जोडतारा पहिल्यांदा दिसला. आकाशातला शिकारी, आणि सापडला तो बंदूकवाल्याच्या पोराला. असो, विषय सोडून गेलो.

आता ते दोन मुद्दे जे कापू नका म्हटलं.

एक, लेखात लिहिलंय की काळ्या दारूऐवजी पर्यायी पावडर वापरली आणि "अचूकतेसाठी" ती ८० ग्रेन तराजूवर तोलून घेतली. ह्या पर्यायी पावडरी बहुतेक काळ्या दारूपेक्षा हलक्या असतात, आणि त्यांचं ८० ग्रेनचं माप म्हणजे काळ्या दारूचं ८० ग्रेनचं मापटं जेवढं भरतं तेवढी जागा, वजन नाही. तराजूवर ८० घेतली तर मापट्यानं ती बरीच जास्त होते. त्या रायफलीनं सहन केलं असेल, वाचणाऱ्याची करेलच असं नाही. ज्या पावडरीच्या डब्यावर जसं मोजायला सांगितलंय तसंच मोजायचं. आणि आधुनिक काडतुसातली बिनधुराची दारू ठासणीच्या बंदुकीत चिमूटभरही घालायची नाही, नळी फुटते आणि डोळा नाहीतर हात जातो. हे वाक्य लेखात असायला पाहिजे होतं.

दोन, शेवटच्या परिच्छेदाआधी सहज म्हणून लिहिलंय की लांबट गोळी एकदा "चार बोटं वर अडकली पण बार व्यवस्थित उडाला". संपादकसाहेब, ह्याची दुरुस्ती छापा. गोळी दारूला टेकलेलीच पाहिजे. मध्ये मोकळी जागा राहिली की दाब नको तिथं उसळतो आणि नळीला फुगवटा येतो, बाहेरून बोटाला लागेल न लागेल इतका, पण नळी संपली, नाहीतर सरळ फुटते. म्हणून गजाला, म्हणजे गोळी ठासायच्या दांड्याला, खूण करतात, एक रिकाम्या नळीची, एक भरलेल्या. गोळी ठासली की गजाची खूण नळीच्या तोंडाशी आली का बघायचं, नाही आली तर केप चढवायचीच नाही. खाली जात नसेल तर गजाला स्क्रू लावून गोळी वर ओढून काढायची. "उडवून मोकळं करू" हा विचार मनातही आणायचा नाही. माझ्या स्वतःच्या गजावर पांढऱ्या रंगाची रेघ आहे आणि प्रत्येक बाराला मी अंगठ्याचं नख तिच्यावर टेकवतो, इतकी वर्षं झाली तरी.

लेखकाला नाउमेद करायचं नाहीये मला, उलट पुन्हा करा म्हणतोय. रायफल तीच घ्या, पीळ किती ते लिहा, प्रत्येक गोळीचा व्यास, लांबी, वजन लिहा, प्रत्येकीचे दहा बार, क्रम फिरवून, नळी पुसत, आणि सगळी भोकं मोजा. सगळी म्हणजे सगळी. ठासणीवाल्यांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा होतात, त्यांची कमिटी १९७१ पासून आहे, तिथं बहुतेक प्रकारांत ३० मिनिटांत १३ बार मारायचे आणि त्यातले चांगले १० धरतात. म्हणजे तीन वाईट सोडून द्यायची मुभा नियमातच दिलेली आहे, पण ती स्पर्धकाला, गोळी तपासणाऱ्याला नाही. तपासणाऱ्याला वाईट भोकातूनच जास्त कळतं.

हे एवढ्यासाठी लिहिलं की पुरवणीतल्या सॅबोच्या फोटोत, उजव्या कडेला खाली, फोटो कापलाय तिथं अर्धवट एक चौथं भोक दिसतंय. मी भिंग लावून बघितलं. तीन बार मारले असं लेखात आहे. ते चौथं कुठल्या गोळीचं, एवढं लेखकाला विचारून छापाल का?

आपला,
एक नियमित वाचक